अण्णांच्या खोलीची तपासणी

आमचे भानुदासअण्णा कुणाच्याही घरी चहा पीत, पण आधी खिशातला लॅक्टोमीटर काढून तो दुधात सोडत. दूध पातळ निघालं तर घरच्या बाईकडं असं पाहत, की ती बिचारी दुसऱ्या दिवशी म्हशीलाच जाब विचारी. अण्णा गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. पुढं दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीला गेली आणि सोसायटीच्या डेरीला कुलूप लागलं. लॅक्टोमीटर मात्र खिशातच राहिला.

आमचं गाव नेकनूरच्या पलीकडं. माझी तिथं पिठाची गिरणी आणि अण्णा शेजारी, त्यामुळं माझी तपासणी रोज ठरलेली. "दत्तू, पीठ जाड हाय." मी म्हणायचो, "अण्णा, ती भरड आहे, कण्यांसाठी." त्यावर "तरी बी बघायला पायजे," म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवत. मला भारी वैताग यायचा.

दूध बंद झाल्यावर अण्णांना रेडिओचा नाद लागला. इराकमध्ये दडवलेली शस्त्रं शोधायला तपासणीवाले गेलेत, तिथं त्यांना दारं उघडून देत नाहीत, म्हणून लढाई पेटणार, अशा बातम्यांचे ते दिवस. आपल्यासारखंच काम करणाऱ्या माणसांना तिकडंही दारात अडवतात, हे ऐकून अण्णांना जेवण गोड लागेना. "दत्तू, जो दार उघडत न्हाई, त्याच्याच घरात काहीतरी हाय. लढाई कुलपानं पेटती." हे त्यांनी गावात इतक्यांदा सांगितलं, की लोकांना पाठ झालं.

त्यात आमच्याकडं खरोखरच लढाईची वेळ आली. पाण्याचा टँकर वरच्या आळीच्या विहिरीत सोडायचा की खालच्या, यावरून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद झालं. एरवी निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. त्या साली तिकडंही ऊस नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, त्यामुळं माणसं घरी आणि त्यांचे कोयतेही घरी. वरचे म्हणत, खालच्यांनी कोयत्यांना धार लावून ते दडवलेत. खालचे वरच्यांबद्दल तेच म्हणत.

"आधी तपासनी, मंग भांडन," अण्णांनी पारावर जाहीर केलं आणि साक्षीदार म्हणून मला ओढलं. वरच्या आळीचा पुढारी सर्जेराव. त्याच्या आढ्यात खोचलेला कोयता अण्णांनी अंगठ्यानं चाचपला. "गंजलाय. लाज वाटू द्या जरा." खालच्या आळीच्या बन्सीकडं त्याची बायको कोयत्यानं सरपण फोडत होती. "चालंल," अण्णा म्हणाले. दोन्ही आळ्या हसायला लागल्या. मला वाटलं, मिटलं.

तेवढ्यात बन्सी म्हणाला, "अण्णा, समद्यांची घरं झाली. आता डेरीची खोली उघडा."

अण्णांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "तिथं काय न्हाई."

"मंग उघडा की."

"न्हाई उघडायची."

"कावून?" सर्जेरावानं विचारलं. "तुमीच म्हनता ना, जो दार उघडत न्हाई त्याच्याच घरात काहीतरी हाय?"

अण्णा किल्ली मुठीत धरून निघून गेले. संध्याकाळपर्यंत वरच्यांची खात्री पटली, की खालच्यांचे धारेचे कोयते डेरीत आहेत. खालच्यांचीही वरच्यांबद्दल तशीच पटली.

सकाळी टँकर आला तेव्हा दोन्ही आळ्या डेरीसमोर उभ्या होत्या. हातात आम्ही तपासलेलेच कोयते, पण आता त्यांच्यावर गंज नव्हता. टँकरचा ड्रायव्हर काच वर करून बसला. अण्णा डेरीच्या दाराला पाठ लावून उभे होते. मी अण्णांचं मनगट धरलं. "अण्णा, उघडा. माणसं मरतील."

"अन् उघडलं तर हसतील, दत्तू."

"हसू द्या."

त्यांनी कुलूप काढलं. सगळे आत घुसले आणि जागच्या जागी थांबले. भिंतीकडेनं सभासदांचे दुधाचे कॅन मांडलेले होते. राखेनं घासून लख्ख केलेले, आणि सकाळी दूध घालायला माणसं ज्या रांगेनं उभी राहत, त्याच रांगेनं. सर्जेरावाचा कॅन पहिला, त्याला खेटून बन्सीचा. जमीन झाडलेली, टेबल पुसलेलं.

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "दूध बंद झालं, तसं कुनी येत न्हाई. मनून पहाटं येऊन कॅनांचीच हजेरी घेतो. नाव घेतो एकेकाचं. येडा म्हनाल, मनून उघडत न्हवतो."

कुणी हसलं नाही. बन्सीनं आपला कॅन उचलून फिरवला. "सर्जेराव, ह्यो पोचा तुझ्या बैलानं पाडलेला."

"तू कॅन मधीच ठिवलता, बे. बैल काय करंल?" सर्जेराव म्हणाला. कित्येक दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलले होते. कोयते दाराशीच राहिले.

ते ऐकून अण्णांमधला सेक्रेटरी जागा झाला. "रांग मोडू नका. टँकर हितंच लावा. ज्या रांगेनं दूध घालत होता, त्याच रांगेनं पानी घ्या. ज्याच्याकडं कॅन न्हाई, त्याला सोसायटीचा."

वरची-खालची आळी एकात एक मिसळून रांगेला लागली. पहिला कॅन भरल्यावर अण्णांनी खिशातून लॅक्टोमीटर काढला, आत सोडला, डोळे बारीक करून पाहिलं. "पानी हाय. पास." त्यावर जो हशा उठला, त्यात ड्रायव्हरही काच खाली करून सामील झाला. पाऊस येईपर्यंत टँकर डेरीपाशीच लागला. रेडिओतल्या मोठमोठ्या लोकांना जे जमलं नाही, ते आमच्या अण्णांनी जमवलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अण्णा दारातच रेंगाळले. मी कुलपाची आठवण करून दिली.

"ऱ्हाऊ दे. कुनाला परत तपासनी करायची असली तर?" मग हळूच म्हणाले, "तू बी ये पहाटं. च्या करतो. बिनदुधाचा."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, तर सर्जेराव आणि बन्सी माझ्या आधीच येऊन कॅनांपाशी मांडी घालून बसले होते.

"तपासनीला आलोत," बन्सी म्हणाला.

अण्णा आमच्याकडं पाठ करून चहा गाळत होते. कप भरला, तरी त्यांचा हात थांबेना. मी जाऊन पातेलं त्यांच्या हातातून घेतलं.