रंगनाथमामा आणि सॅम्पल फ्लॅट

माझ्या नवऱ्याच्या मामांनी, म्हणजे रंगनाथमामांनी, वेरूळची लेणी पाहिली नव्हती. पण औरंगाबादच्या बीड बायपासच्या दोन्ही अंगांना जेवढे सॅम्पल फ्लॅट होते, तेवढे सगळे आतून पाहिले होते. त्यांना फ्लॅट घ्यायचा नव्हता. अंबड तालुक्यात त्यांची शेती होती, मोसंबीची बाग होती, ऐसपैस घर होतं. शहरात राहायचं नाव काढलं की म्हणायचे, "तिथं खिडकीतून थुकायची चोरी. खाली बघावं तर कुणाचं तरी टकुरं."

दर दोन-अडीच महिन्यांनी शनिवारी मामा सिडको बसस्टँडवर उतरायचे आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. तेव्हा आम्ही पुंडलिकनगरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझा नवरा दिलीप वाळूजच्या एका कंपनीत होता. मामांच्या येण्याचा आणि त्याच्या शिफ्टचा काहीतरी गुप्त समझोता असावा, कारण मामा आले की हा हमखास कामावर. मी शाळेत शिक्षिका. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मामांना शहर दाखवण्याचं खातं माझ्याकडं यायचं.

मामी कधी यायच्या नाहीत. काचबिंदूनं त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. घरात त्या सफाईनं वावरत, पण एसटीचा प्रवास नको म्हणत. मामा शहरात असले की शेजारी राहणारी धाकटी जाऊ त्यांच्या सोबतीला येऊन बसायची.

मामा दोन दिवसांचा कार्यक्रम घरूनच लिहून आणत. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे. निजामाच्या राज्यात, पोलिस ॲक्शनच्या आधी, त्यांच्या दोन यत्ता उर्दूत झाल्या होत्या, पुढच्या मराठीत. त्यामुळे वेळा उर्दू आकड्यांत आणि मजकूर मराठीत. मला त्यातल्या वेळा कधी वाचता आल्या नाहीत. मागून स्कूटीवर बसल्या बसल्या तेच हुकूम सोडत, "आता शहागंज. तिथनं जालना रोड."

स्कूटीवर बसण्याचीही त्यांची पद्धत होती. भाचेसुनेला धक्का लागू नये म्हणून आमच्या दोघांच्या मध्ये मोसंब्यांची पिशवी उभी करत. ब्रेक मारला की माझ्या पाठीत मोसंबी रुतायची.

"मामा, पिशवी पुढं ठेवते की."

"नको. दस्तूर हाय त्यो."

शहागंजात ते काही विकत घेत नसत. दुकानांच्या उर्दू पाट्या मोठ्यानं वाचत. बरोबर वाचली की स्वतःच मान हलवत. कापडवाला म्हणायचा, "आओ पटेल, बैठो." मामा बसायचे, चहा घ्यायचे, धोतरजोड्याचा भाव विचारायचे आणि "फिजूल!" म्हणून उठायचे. हा कापडवाला कसा चिडत नाही याचं मला नवल वाटे. पुढं कळलं, मामा दर खेपेला त्याच्या गल्ल्यापाशी चार मोसंब्या ठेवून येत.

संध्याकाळी चिकलठाण्याला विमान उतरताना बघायचं. उतरतानाच. विमानतळाच्या भिंतीबाहेर स्कूटी लावून आम्ही दोघं उभे. एकदा मी म्हणाले, "मामा, अजून अर्धा तास थांबलो तर हेच विमान उडताना पण दिसेल."

"जाणाऱ्याचं काय बघायचं? येणाऱ्याची तोंडं बघावी."

"तोंडं कुठं दिसतात इथून?"

"नाय दिसत. पर हसत असत्यात."

बाहेरगावाहून येणारा प्रत्येक पाहुणा मकबरा, पाणचक्की, लेणी करतो आणि थकून जातो. मामा या सगळ्याला एकच प्रश्न विचारत, "त्याच्यात दुरुस्तीला जागा हाय का?" जे बांधून झालंय, ज्यात आता आपण काही सुचवू शकत नाही, ते बघण्यात त्यांना रस नव्हता. 'काम चालू आहे' अशी पाटी दिसली की मात्र ते माझ्या खांद्यावर टकटक करत. मग उतरून अर्धा तास खड्ड्यात वाकून बघायचं, पाइप टाकणाऱ्यांना उतार कुठं कमी पडतोय ते सांगायचं. गंमत म्हणजे, दोनदा त्यांचं बरोबर निघालं.

दिलीपनं एकदा हट्टानं त्यांना मकबऱ्यात नेलं. मामांनी घुमट पाहिला, मिनार पाहिले, आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "सैपाक कुठं करत व्हते?"

"दादा, कबर है ये. यहाँ कोई रहता नहीं था."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि दहा मिनिटांत बाहेर.

रविवार सगळा सॅम्पल फ्लॅटचा. सकाळी आंघोळ करून, पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. मला म्हणायचे, "तू बी चांगलं पातळ नेस. गिऱ्हाईक दिसाया पायजे." साइटवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी पुढं यायची. "अंकल, हा आपला स्पेशियस हॉल." मामा हॉलकडं बघतही नसत. तिथला सोफा, काचेच्या भांड्यातली प्लॅस्टिकची सफरचंदं, भिंतीवरचे घोडे, सगळं ओलांडून ते थेट स्वयंपाकघरात शिरत. ओट्यापुढं उभे राहत. दोन्ही हात ओट्यावर ठेवून भाकरी थापल्यासारखे हलवत. मग मला म्हणत, "सूनबाई, इथं उभी ऱ्हा. काय दिसतंय?"

"टाइल्स."

"म्हंजी भिंत."

"भिंत."

मग त्या मुलीकडं वळून, "बाई, सैपाक करणारीनं दिवसभर भिंत बघायची व्हय?"

ती बिचारी म्हणायची, "अंकल, चिमणी आहे ना वर. धूर सगळा बाहेर जातो."

"धूर जातोय. ती कुठनं जाईल?"

काही ठिकाणी ओट्यावर खिडकी असायची. मग मामांचा चेहरा खुलायचा. ते खिडकीतून इतका वेळ बघत की मागून आलेली गिऱ्हाइकं खोळंबत. काय बघतात ते मला समजत नसे. बाहेर असून असून काय असणार? दुसरी इमारत, वाळूचा ढीग, एखादं लिंबाचं झाड. निघताना ते वहीत नाव लिहीत आणि फोन नंबर दिलीपचा देत. दोन वर्षं दिलीपला शहरातल्या निम्म्या बिल्डरांचे फोन येत होते. "रंगनाथराव सर आहेत का?" असं कुणी विचारलं की तो फोन माझ्या हातात द्यायचा.

साइटवरचे गवंडी त्यांना ओळखायला लागले होते. खलील नावाचे एक मिस्त्री होते. ते लांबूनच ओरडायचे, "आ गये चच्चा! आज खिडकी नक्को, छत देखो!" मामा त्यांना मोसंबी देत आणि खिडकीच मोजत.

सासरचे लोक हसायचे. मीही हसायचे. वय झालं की माणसं काहीतरी धरून बसतात, यांनी खिडक्या धरल्या, असं म्हणून मी विषय सोडून दिला होता.

मग आमचीच वेळ आली. भाड्याच्या घराला कंटाळून दिलीपनं आणि मी फ्लॅट बघितला. गारखेड्यात, माझ्या शाळेपासून चालत सात मिनिटांवर, दुसरा मजला. मी तो तीन वेळा जाऊन बघितला होता. कुठं कपाट येईल, कुठं माझं वह्या तपासायचं टेबल येईल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फक्त होकार कळवायचा राहिला होता. त्याच रविवारी मामा आलेले, म्हणून त्यांनाही घेऊन गेलो. त्या दिवशी दिलीपला सुट्टी होती.

मामा नेहमीसारखे आत गेले. ओट्यावर खिडकी होती, चांगली मोठी. पण तिच्यापुढं चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. मामा तिथं उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बिल्डरचा माणूस किल्ल्या वाजवत होता. शेवटी मामा बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाय जमायचं ह्ये. नाय म्हणा ह्यान्ला."

दिलीप आधीच वैतागलेला. "मामा, तुम्हाला घ्यायचा नाही, तुम्हाला राहायचं नाही. तुमचा खेळ होतो. आम्हाला खरंच घर करायचंय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी बाजू घेईन असं त्यांना वाटलं असावं. पण मीही त्या घरात मनानं राहायला गेले होते. मी म्हणाले, "मामा, दिवसभर मी शाळेत असते. स्वयंपाक करताना खिडकीतून बघत बसायला वेळ कुणाला आहे?"

"व्हय," मामा म्हणाले. "तुला येळ नाय. खरंय."

त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरले. आम्ही खाली येईपर्यंत ते रिक्षात बसले होते. रिक्षा म्हणजे चैन, असं म्हणणारा माणूस.

त्यानंतर चार महिने मामा आले नाहीत. फोन केला तर "बागंत काम हाय" एवढंच. आम्ही तो फ्लॅट घेतला. घेतल्याचं त्यांना कळवलं, तेव्हा "बरं झालं" म्हणाले. शनिवारी शाळा सुटल्यावर मी सरळ घरी यायला लागले. सुरुवातीला फार बरं वाटलं. मग एका शनिवारी कुठल्याशा रस्त्यावर 'काम चालू आहे' पाटी दिसली आणि माझा मीच वेग कमी केला.

वास्तुशांतीचं ठरलं. मामांना बोलवायचं तर समक्ष जायलाच हवं. आम्ही दोघं एका रविवारी गावी गेलो. मामा अंगणात मोसंब्या निवडत बसले होते. "या," म्हणाले. दिलीपनं पाया पडून निमंत्रण दिलं. मामांनी पत्रिका घेतली, उलटीसुलटी केली आणि पोत्यावर ठेवली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. दिलीप त्यांच्याशेजारी बसून मोसंब्या निवडायला लागला. मी आत मामींकडं गेले.

मामी भाकऱ्या करत होत्या. जाऊबाईंनी पीठ मळून दिलं होतं, थापत मामी होत्या. स्वयंपाकघर जुनं, जाड भिंतींचं. चुलीच्या वरच्या भिंतीत एक खिडकी होती, पण सरळ नव्हती. एका बाजूला ओबडधोबड फोडलेली, चौकट तिरकी बसलेली. आमच्या लग्नानंतर मी आले होते तेव्हा ही खिडकी नव्हती, एवढं मला आठवलं.

"ही कधी केली, मामी?"

"ही व्हय? माझे डोळे गेल्यावर." त्यांनी तव्यावर भाकरी टाकली. "औरंगाबादला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो व्हतो. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सगळं तपासलं, मंग सहज इचारलं, सैपाक चुलीवर करता का, खिडकी हाय का. ह्ये म्हणले, खिडकी नाय. ती बाई म्हणली, ह्यो आजार त्यामुळं नाय, काचबिंदू कुणालाबी व्हतो. लई समजून सांगितलं तिनं. पर ह्यांनी खिडकी तेवढी ऐकली. दुसऱ्या दिशी सकाळी पहार घेऊन भिंत फोडाया लागले. गवंडी बी बोलावला नाय. आता तिथनं मांजर येतं आन् दूध पिऊन जातं."

त्या हसल्या.

"तुमच्याकडनं आले की सोमवारी इथं पाटावर बसत्यात," मामी म्हणाल्या. "मी सैपाक करते, ह्ये सांगत्यात. एका घरातनं डोंगर दिसतो म्हणं. एका घरातनं शाळेचं पटांगण, पोरी दोरीवरच्या उड्या खेळत्यात. एकीकडं बाई गच्चीवर पापड घालती. भाकऱ्या व्हतात तवर सांगत्यात. मी एकदा म्हणलं, आवं, मी कधी खिडकी मागितली व्हती का तुमच्याकडं? तर म्हणले, तेच तर. मागितली असती तर नाय म्हणून मोकळा तरी झालो असतो."

मी चुलीत उगाच एक काटकी सरकवली.

मामींनी हातावरचं पीठ झटकलं. "तुमचं घर बघून आले तवा मातर गप बसले. काय इचारलं तर म्हणले, चांगलं हाय. तूच सांग बाई आता. काय दिसतं तुझ्या खिडकीतनं?"

खोटं सांगता आलं असतं. झाड म्हणता आलं असतं. पण बाहेर अंगणात मोसंब्यांचा आवाज थांबला होता, हे मला ऐकू आलं.

"भिंत दिसते मामी. शेजारच्या बिल्डिंगची. पिवळी भिंत."

"मंग येवढं सांगायला काय झालं व्हतं त्यान्ला?" मामी मोठ्यानं हसल्या. "मला कुठल्याबी खिडकीतनं सारखंच दिसतं." आणि दाराकडं तोंड करून ओरडल्या, "आवं! पिवळी भिंत हाय म्हणं!"

बाहेरून मामांचा आवाज आला.

"पिवळी नाय. मोतिया रंगाची हाय."

"बरं. मोतिया."

"आन् वरच्या अंगाला आडवा पाइप हाय एक. त्याच्यावर पारव्यानं घर केलंय. दोन अंडी व्हती तवा."

मामींनी पुढची भाकरी थापायला घेतली. "मंग येव्हाना नवी पिलं झाली असतील," त्या मला म्हणाल्या. "आल्यावर दाखव ह्यान्ला."

मी त्या ओट्यापुढं तीन वेळा उभी राहिले होते. मला पाइपसुद्धा दिसला नव्हता.