ठेंगूबाईंच्या सोबतीची मोहीम

ऐकणारांनी मोबाइल बंद करोन सावध बसावे, की पुढील हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे, शेळीने खाल्लेली पाने तेवढी वगळिली.

राजमान्य घड्याळजी, तिसऱ्या मजल्याचे वतनदार, यांची लेक लग्न होऊन दूर गेली, आणि बाईसाहेब 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे बोलेनात, घर ओस पडले. मग घड्याळजींनी मसलत करोन गुडघ्याएवढ्या जातीची एक बुटकी शेळी आणिली, ठेंगूबाई ऐसा किताब दिला आणि गॅलरीचा सुभा बहाल केला. आणि बाईसाहेब तिजशी सकाळपासून बोलो लागल्या. पण घड्याळजींचा अवघा जन्म एका खिळ्यास एक घड्याळ टांगण्यात गेलेला, त्याच रिवाजाने एका गॅलरीस एकच शेळी नामजाद केली, आणि येथेच खोट राहिली.

ठेंगूबाईंनी दुसरे दिवशीच ऐसा आक्रोश मांडिला की चारी मजले हवालदिल जाहले, आणि सेक्रेटरीसाहेबांचे फर्मान दारी चिकटले, की रविवारी बारापर्यंत गॅलरी गप्प न जाहल्यास शेळी इमारतीबाहेर करावी.

बाईसाहेबांनी ते वाचोन ताट सारिले. "ती गेली तर मी पण जाते लेकीकडे. तुम्ही बसा तुमच्या घड्याळांशी बोलत."

घड्याळजींनी कमर बांधिली. प्रथम पेंढ्यात टिकटिकते गजराचे घड्याळ पेरिले, की सोबत वाटेल. ठेंगूबाईंनी त्याचे काटे खाल्ले. मग आरसा उभा केला. पाहुणी आली जाणोन त्या अर्धा तास गप्प राहिल्या, आणि मग पाहुणी बोलेना म्हणोन धडक दिली, आरसा फुटोन रणी कामास आला.

शनिवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई पाचारिल्या. त्यांनी खूर, दात, पोट तपासिले.

"काका, हिला काहीही झालेलं नाही. कळपातलं जनावर, एकटं कसं राहील? दुसरी आणा."

"अहो, एकीनेच बिल्डिंग डोक्यावर घेतलीय!"

"म्हणूनच."

रविवारी साडेअकरास घड्याळजी दुसरी बुटकी टॉवेलात गुंडाळोन जिन्याने दाखल जाहले. दोघींनी एकमेकींस हुंगिले, आणि कपाळास कपाळ भिडविले, आणि मागे सरल्या, आणि घड्याळजींचा जीव टांगणीस लागला. मग दोघी स्टुलावर चढोन, अंगास अंग लावोन रवंथ करो लागल्या.

ठीक बारास सेक्रेटरीसाहेब आले.

"एक काढा म्हटलं होतं, घड्याळजी! तुम्ही दोन केल्यात?"

"साहेब, जरा कान द्या."

साहेबांनी कान दिला. चघळण्याखेरीज काही ऐको येईना. तेव्हा साहेबांनी तेथेच तहनामा लिहोन शिक्का मारिला, की या इमारतीत बुटक्या शेळ्या दोन असाव्यात, एकटी आढळल्यास कारवाई होईल.

येणेप्रमाणे गॅलरी फत्ते जाहली. सायंकाळी बाईसाहेबांनी लेकीस फोन करोन कळविले, "नाही गं जमत यायला. घरात आम्ही चौघं आहोत." त्या चौघांत आपलीही गणती जाहली हे ऐकोन घड्याळजींनी कमर खोलली.