आण्णांचा रविवारचा बंदोबस्त

आमच्या शेजारचे आण्णा चौगुले घरात सिनेमा बघतात तेही बूट घालून. नाडी आवळून, खुर्चीच्या अगदी कडेला बसून. "काढा की ते," असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आरोपीचं वकीलपत्रच घेतलंय. "आणि चोर पळाला म्हंजे? अनवाणी लागू व्हय मागं?"

आण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. बायको गेली, मुलगा पुण्यात. कसबा बावड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मला 'बाई' म्हणतात, आणि वाटीभर काही दिलं तरी त्याचा पंचनामा करून परत पाठवतात. "आमटीत मीठ कमी. नोंद घ्या." एकदा आमचं मांजर त्यांच्या दुधाला तोंड लावून गेलं, तेव्हा भिंतीवरून आवाज आला, "बाई, आरोपी तुमच्या हद्दीत शिरलाय. नोंद घ्या."

पिक्चर मात्र एकच. जुना, काळा-पांढरा, चोर-पोलिसाचा. नाव ते कुणाला सांगत नाहीत, तपासाची गुप्तता मोडते म्हणून. रविवारी जेवणं आटपली की पेन ड्राइव्ह टीव्हीला लागतो आणि भिंतीपलीकडून हुकूम सुटायला लागतात. "अरं, शिट्टी कशाला फुंकतोस? चोराला आवतण देतोस व्हय?" "मागच्या दाराला माणूस ठेव की! मागचं दार!" त्या इन्स्पेक्टरनं इतक्या वर्षांत एकदाही मागच्या दाराला माणूस ठेवलेला नाही, आणि आण्णांनीही आशा सोडलेली नाही.

मी त्यांना माझ्या मोबाईलवर आताची एक पोलिसी मालिका लावून दिली होती. तिसऱ्या भागाला त्यांनी मोबाईल परत आणून दिला. "ह्यातला चोर कंचा आणि पोलीस कंचा? सगळीच दाढीवाली, सगळीच रडत्यात. आमच्या पिक्चरात बघा, चोर भिंतीवर चढला की वाटतंय, व्वा! पोलिसानं गचांडी धरली की वाटतंय, व्वा रं गड्या! दोघंबी आपापलं काम मन लावून करत्यात. माणूस बघून ताठ होतोय."

गेल्या हिवाळ्यात ओळीनं दोन रविवार भिंतीपलीकडं शांतता. मला काळजी वाटली, तोवर तिसऱ्या रविवारी आण्णाच दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. "बाई, माझी गाडी सुरू हुईना. उचगावला सोडा. ड्युटी हाय."

निवृत्त माणसाला कसली ड्युटी, हे स्कूटीवर मागं बसलेल्या हवालदाराला विचारण्याची सोय नव्हती. "डावी घ्या", "हळू", "हॉर्न द्या की" यातच उचगाव आलं.

एका बैठ्या घराचं दार चाळिशीच्या बाईनं उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "मामंजी, तुमचं पोलीस आलं!"

आत कॉटवर एक वाळकासा म्हातारा पडला होता. उजवी बाजू लुळी. आण्णांनी त्याला काखेत हात घालून उठवून बसवला, पाठीशी उशी लावली, डब्यातली खीर चमच्यानं भरवली, ओठाच्या कडेनं ओघळली ती आपल्या रुमालानं पुसली. मग तांब्याला आपला मोबाईल टेकवून तोच पिक्चर लावला.

मी स्वयंपाकघरात गेले. सून चहाला आधण ठेवत म्हणाली, "मामंजी पयलं सायकली चोरायचं. कोल्हापुरात नाव हुतं! ह्या हवालदारांनीच तीनदा धरून आत घातलं. आता हे असं पडल्यापासनं हप्त्यातनं एकदा येत्यात. डॉक्टर म्हणालंत, लई दिवस न्हाईत."

बाहेर आले तर पडद्यावर पाठलाग रंगात आला होता. आण्णा ओरडत होते, "डावीकडं पळ! अरं, डावीकडं!" हुकूम पोलिसाला नव्हता, चोराला होता.

"डावीकडं भिंत हाय, हवालदार," म्हातारा बोबड्या जिभेनं म्हणाला. "ह्यातलं तुमास्नी काय कळत न्हाय." मग माझ्याकडं वळून, "बाई, ह्ये लई पळायचं. हरणागत. एकदा मंडईपासनं पंचगंगेच्या घाटापतूर लागलं मागं. शेवटाला दोघंबी पायरीवर आडवं. मीच म्हटलं, साहेब, जरा दम खाऊ, मग धरा."

आण्णांचा चेहरा असा फुलला की मला त्यात विशीतला शिपाई दिसला. "मला पळताना बघितलेला ह्यो शिवाच तेवढा राहिलाय, बाई. बाकी सगळी गेली."

"पण आण्णा, हे तर पुढं पळत होते. यांनी कसं बघितलं?"

"चोराला मागचंच जास्त दिसतंय, बाई," शिवा म्हणाला आणि दोघंही खोकेपर्यंत हसले.

पिक्चर संपला. आण्णांनी डबा झाकला, शिवाचं पांघरूण सारखं केलं आणि एकदम खात्याचा आवाज काढला. "पुढल्या रविवारी हजर ऱ्हायचं. गाव सोडून कुठं जायाचं न्हाय."

"पाय कुठं ऱ्हायल्यात, साहेब?"

"तुझा काय भरवसा? दोनदा हातातनं निसटलायस."

बोलता बोलता आण्णांनी त्याचं लुळं मनगट धरलं, पूर्वी धरलं असेल तसं, अंगठा आणि बोटं घट्ट आवळून. मी बाहेर जाऊन स्कूटी वळवून ठेवली, सुरू केली, पुन्हा बंद केली. दारातून आत बघितलं तर ते तसेच उभे होते. मनगट अजून सोडलं नव्हतं.