चार ठिकाणी नकार आलेलं हृदय

आमच्या भावोजींना नवीन हृदय हवं होतं. जुनं बावन्न वर्षं बिनतक्रार चाललं आणि मग जिना बघूनच धापा टाकू लागलं. भावोजी शिंपी. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आता स्वतःच्या मापाच्या हृदयाची वाट पाहत कॉटवर पडून होते. रुग्णालय मी निवडलं. दारातच फलक होता: 'हृदयरोपणात शंभर टक्के यश'. मी ताईला म्हटलं, "डोळे झाकून चल."

शंभर टक्के काही आपोआप राहत नाहीत. त्यासाठी तिथे एक खास यशसंवर्धन अधिकारी नेमलेले होते. ते डॉक्टर नव्हते, पण ते आले की डॉक्टर उठून उभे राहत. काढलेलं हृदय जेमतेम चार तास टिकतं, म्हणून कुठे हृदय मिळाल्याचा निरोप आला की ते घ्यायचं की नाही हे ठरवणारी समिती तातडीनं बसे. नातेवाइकांतर्फे मला कोपऱ्यातली खुर्ची मिळे.

पहिलं हृदय सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचं.

"दणकट आहे, घेऊया," सर्जनबाई म्हणाल्या.

"घेऊ की! आणि वर्षभरात पेशंटचं काही बरंवाईट झालं, तर शंभराचे नव्व्याण्णव होतील. लोकांना काय तोंड दाखवायचं?" अधिकारी म्हणाले.

लोक म्हणजे मीच. मी मान डोलावली. नकार कळवला.

दुसरं हृदय चोवीस वर्षांच्या खेळाडूचं. अधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिला. "चार केंद्रांनी आधीच नकार दिलाय. असलं स्थळ आपण कशाला करायचं?"

"पण त्यांनी का नाकारलं?" सर्जनबाईंनी फोन लावले. चौथ्यानं तिसऱ्याचा नकार पाहून नाकारलं होतं, तिसऱ्यानं दुसऱ्याचा, दुसऱ्यानं पहिल्याचा. पहिल्या केंद्रातले डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते.

"ते काही असो," अधिकारी म्हणाले, "चार शहाणी माणसं चुकतील होय?" पाचवा नकार आमचा.

तिसरं हृदय सर्वगुणसंपन्न. वय, रक्तगट, आकार, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. अधिकारी बिचारे कागद चाळून घामाघूम झाले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "हृदय उत्तम आहे हो, पण पेशंट बघा ना! वाट पाहून पाहून किती खंगलाय. या हृदयाला हा माणूस झेपायचा नाही."

त्या दिवशी सर्जनबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "यांना पलीकडच्या रुग्णालयात हलवा, आजच. आम्ही नाकारलेलं पहिलं हृदय त्यांनी एका पोस्टमनला बसवलं. माणूस आता वॉर्डभर फेऱ्या मारतोय."

"त्यांचे टक्के किती?"

"चौऱ्याऐंशी."

मी मनात वजाबाकी केली. म्हणजे शंभरातले सोळा जातात!

ताई म्हणाली, "अरे, पण चौऱ्याऐंशी जगतात ना? इथे तर कुणी हातच लावत नाही." ताईला टक्केवारीतलं काही कळत नाही. भावोजी क्षीण आवाजात म्हणाले, "जाऊया रे. मला जगायचंय." मी दोघांची समजूत घातली. हातचे शंभर सोडून चौऱ्याऐंशीच्या मागे कोण लागतं?

भावोजी त्याच आठवड्यात गेले. ऑपरेशन झालंच नव्हतं, त्यामुळे ते अपयशात धरले गेले नाहीत. अधिकारी जातीनं भेटायला आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "धीर धरा. शंभराला धक्का लागलेला नाही."

ताई माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबरच आहे. भावोजी माझ्या हट्टापायी गेले, आणि माझं मन मला रोज खातं. म्हणून भेटेल त्याला मी ही हकिकत सांगतो. लोक हळहळतात, त्या अधिकाऱ्याला शेलक्या शिव्या घालतात, मलाही दोन सुनावतात. आणि उठताना, चपला घालता घालता, आवाज खाली आणून विचारतात, "पण काय हो, ते शंभर टक्केवालं रुग्णालय नेमकं आहे कुठे?"

लाजू नका. तुम्हीही विचारा.