हिलालअप्पांचा समुद्र

एका निरपराध गोगलगायीला माझ्यामुळे तुरुंगात जावं लागलं. माणसानं पाप करावं तर निदान ऐटीत करावं. मी ते राख आणि काथ्या घेऊन केलं. पण त्याआधी तुम्हाला हिलालअप्पा माहीत व्हायला हवेत.

आमच्या शेजारच्या हिलालअप्पांनी नंदुरबारात समुद्र पाळला होता. लोक म्हैस पाळतात, फार तर पोपट. अप्पांच्या ओसरीत खिडकीशी एक काचेची पेटी होती. तिच्यात खारं पाणी, चार दगड, करंगळीएवढे दोन मासे आणि एक गोगलगाय. अप्पा रेल्वेत पॉइंटमन होते. निवृत्त झाले तरी सुरतेच्या गाडीवरचा एक ओळखीचा गार्ड त्यांना चिनी मातीच्या बरणीतून समुद्र आणून द्यायचा. उन्हाळ्यात पेटीतलं पाणी आटलं की अप्पा तापीकाठच्या प्रकाशा गावाला जाऊन तापीचं पाणी आणत आणि त्यात ओतत.

"अप्पा, समुद्रात नदीचं पाणी?" मी एकदा विचारलं.

"तापी कथा जाई ऱ्हायनी? समुद्रमाच ना? मी तिले जराशी लवकर पोचाडस, इतलंच."

सकाळ-संध्याकाळ ते वरणाच्या डावानं पाणी उचलून उंचावरून पेटीत सोडत. याला ते समुद्राला वारा घालणं म्हणत. तेवढा वेळ आल्यागेल्यानं उभं राहायचं, बोलायचं नाही. मामलेदार कचेरीतला कारकूनही एकदा टोपी काढून उभा राहिलेला मी पाहिला आहे.

पण अप्पांचा खरा जीव माशांत नव्हता, शेवाळात होता. जन्मभर गाड्यांना 'तू या रुळावर, तू त्या रुळावर' सांगितलेला माणूस. घरी बसल्यावर गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी शेवाळ निवडायला घेतलं. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, याची त्यांची परीक्षा एकच होती: बोट लावायचं.

"बोट लावताच सायसारखी निंघनी, ती हरामखोर. नख मारं तरी दगड सोडस नही, ती घरनी."

तपकिरी बुळबुळीत साय म्हणजे पाहुणा. न बोलावता येतो आणि दिसेल तिथे लोळतो. केसाळ हिरवं शेवाळ म्हणजे जावई. थोडा असला तर शोभा, वाढला तर घर खातो. आणि एका दगडावर वाळल्या चुन्यासारखं कडक, गुलाबी असं काहीतरी बसलं होतं, ती लक्ष्मी. मला तर तो दगडाला झालेला त्वचारोग वाटायचा.

हीच परीक्षा अप्पा माणसांनाही लावत. नवा माणूस आला की त्याच्या खांद्यावर बोट टेकवायचं आणि निकाल द्यायचा. माझा मेव्हणा धुळ्याहून आला, तेव्हा ते त्याच्या तोंडावरच म्हणाले, "हाई साय शे. धक्का लागना का निंघी जाई." मेव्हणा दुसऱ्याच दिवशी रागानं निघून गेला. अप्पांना वाटलं, परीक्षा खरी ठरली.

माझ्या खांद्यावर मात्र त्यांनी फार पूर्वी बोट ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "घरनं शे." हेच मला अजून जाळतं.

त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची लेक इंदू येणार होती. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. इंदूला सुरतेकडे दिलेली. लग्नानंतर सासरच्यांनी तिला एकदाही अखाजीला धाडली नव्हती. अप्पांनी निंबाला झोका बांधला, आणि तापीचं पाणी आणायला प्रकाशाला गेले. जाताना समुद्राला वारा घालायचं काम माझ्यावर सोपवलं.

घरोघरी सारवण चाललं होतं. मला वाटलं, लेक येणार आणि दगड असा खरजुला? मी तो बाहेर काढला, चुलीतली राख घेतली आणि काथ्यानं घासघास घासला. लक्ष्मी सहजासहजी जाईना, तर मी खुरपं आणलं. दगड पांढरा लख्ख झाला. मी तो विहिरीच्या पाण्यानं धुऊन समुद्रात ठेवला, आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

अप्पा आले, पेटीत पाहिलं आणि मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा पाहून मी खुरपं पाठीमागे लपवलं.

मग ते म्हणाले, "गोगलगायनी खाई टाकं."

मी 'हो' म्हणून मान हलवली! देवा, मी मान हलवली.

गोगलगायीची रवानगी मुरंब्याच्या बरणीत झाली. बरणीत समुद्राचंच पाणी होतं, पण जेवायला फक्त पाहुणा, ती तपकिरी साय. अप्पा रोज तिच्यासमोर बसून विचारत, "काय कमी व्हतं तुले?" आणि ती बिचारी शिंगं आत घ्यायची. अप्पा म्हणत, "देख, नजर चोरस." भिंतीपलीकडे मीही नजर चोरत होतो. 

इंदू त्या गार्डाच्याच गाडीनं यायची होती. अखाजीला गार्ड आला तो समुद्राची बरणी घेऊन, एकटाच. सासरच्यांनी इंदूला याही वर्षी धाडलं नव्हतं. अप्पांनी बरणी उतरवून घेतली, गार्डाला पाणी दिलं, त्याला निरोप दिला. मग रिकाम्या झोक्याकडे पाठ करून मला म्हणाले, "बरं झायं उनी नही. दगड बोडका शे. मी तिले काय दखाडतू?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं.

"तिनीच दिधा हाऊ दगड. लगीन नंतर भेटाले गयतू ना, तवय. मसूरना दानाइतलं गुलाबी व्हतं. मी म्हनं, हाई वाढी ऱ्हायनं, म्हंजे तठे मन्ही पोर बी रुजी ऱ्हायनी."

मग मला राहवलं नाही. राख, काथ्या, खुरपं, सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन मुरंब्याची बरणी आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"पहिले इन्ही माफी माग."

मी हात जोडले. "मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर."

"शाळानी भाषा तिले समजस नही," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं, आणि चांगलं नख रुतवलं. "आते बोल."

बरणीत गोगलगायीनं हळूच शिंगं बाहेर काढली होती. मी मात्र अप्पांकडे पाहत होतो.

"चुकनं मन्हं," मी म्हणालो. "माफ करा."