रिलिव्हर आल्याशिवाय

आमच्या रोह्याच्या शाममामांकडे गेलात, तर आधी त्यांच्या कॉम्प्युटरची तब्येत विचारा. मामा कॅबिनेटवर तळहात ठेवतील आणि समाधानानं सांगतील, "गरम हाय. गडी ड्यूटीवर हाय."

मामा धाटावच्या एका केमिकल कंपनीत प्लँट ऑपरेटर होते. निवृत्त झाले, पण शिफ्ट काही सुटली नाही. एक यान दूरच्या लघुग्रहाकडे निघालंय. त्याच्या वाटेच्या अवाढव्य गणिताचे तुकडे करून ते इंटरनेटवरून जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरना वाटतात. हे वेड मामांना लावलं त्यांच्या लेकीनं, नीलूनं, अमेरिकेला जाताना. आम्हा पेणच्या मूर्तिकारांना मामांनी ते असं समजावलं: "तुमच्याकडं साचा एका घरात, रंग दुसऱ्या घरात, डोळ्यांची आखणी तिसऱ्या घरात. पण गणपती एकच ना? तसंच." आणि माझ्या कारखान्यातला कॉम्प्युटरही भरती करून घेतला.

एकदा माझ्या बायकोनं झाडलोट करताना तो बंद केला. मामांच्या नकाशावरचा आमचा ठिपका विझला आणि लगेच रोह्याहून फोन.

"गो सूनबाई, यान वाटेत असताना माणूस जागेवरनं उठवलास? रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय."

पुढच्या पाळीचा माणूस हजर झाल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही, हा प्लँटमधला नियम. मामांनी तो थेट अंतराळात लागू केला होता.

परवा तर कहर झाला. गणिताच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एक मामांकडे होता, तो संध्याकाळपर्यंत पोचता करायचा होता, आणि रोह्यात सकाळीच वीज गेली. मामांनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "काका, सामान वर ठेवा."

"सामान नाय, ऑपरेटर हाय," असं म्हणून मामांनी तो मांडीवर घेतला आणि नागोठण्यामार्गे थेट माझ्या कारखान्यात आणून जोडला.

कारागीर ब्रश खाली ठेवून स्क्रीनभोवती जमले. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी या सगळ्याची टिंगल करणारा माणूस, पण मीही कारागिरांना सारून पुढं झालो. दिवेलागणीला पट्टी भरली, उत्तर गेलं आणि कारखान्यात मोरयाचा एकच गजर झाला. यानाची वाट आम्ही पेणहून आखून दिली होती, निदान वीतभर तरी.

मामा मात्र उठेनात.

"मामा, जेवायला चला. झालं ना काम?"

"रिलिव्हर यायचाय."

स्क्रीनवर आता जगाचा नकाशा होता, प्रत्येक कॉम्प्युटरचा एक ठिपका. आमचे ठिपके हिरवे होते. अमेरिकेतला एक विझलेला होता.

"नीलू उठली की तो लागतो," मामा म्हणाले. "फोन केला तर मीटिंगमधी असते. मग मी करत नाय. ठिपका लागला की समजतं, पोर बरी हाय. कालपासनं लागला नाय."

एवढा जड डबा मांडीवर घेऊन माणूस का आला, ते मला आत्ता कळलं. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. बायकोनं ताट तिथंच आणून ठेवलं. मामांनी त्याला हात लावला नाही.

भात पार निवला, तेव्हा ठिपका हिरवा झाला.

मामा कॅबिनेटवर तळहात ठेवून उठले.

"आली," ते म्हणाले. "सूनबाई, भात गरम कर गो."