भाव वाढला की आप्पा घाबरतात

सुरतेत, आमच्या उधन्याच्या गल्लीत भंगारातली रिक्षा उभी असली तरी भिकाआप्पा तिच्यापासून दोन हात लांबून जातात. हात मागे बांधलेले, पोट आत घेतलेलं. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारा सोवळ्यात आहे. सोवळं कसलं, आप्पांनी गाड्यांचा धसकाच घेतलाय.

आप्पा माझ्यासारखेच शिरपूरकडचे. आधी कापडाच्या लूमवर होते, मग वेसूच्या बंगल्यांतल्या एका हिरेवाल्या शेठकडे गाडी सांभाळायला लागले. गाडी जुनी, लाल, परदेशी, शर्यतीच्या जातीची. जगात मोजक्याच उरल्यात म्हणे. ती चालवायची नाही. चालली की भाव उतरतो आणि नुसती उभी राहिली की चढतो. मी एसी दुरुस्त करणारा माणूस, माझ्या डोक्यात हे गणित अजून शिरलेलं नाही.

आणि उभी राहायलाही काय कमी खातं का ते जनावर? तापीची दमट हवा लागू नये म्हणून एसी अखंड चालू. बॅटरीला चार्जर. टायर न फिरताच म्हातारे होतात, ते परदेशातून मागवायचे. मेकॅनिक विमानाने येतो, नुसता कान लावून ऐकतो आणि विमानाने परत जातो. तिच्या वर्षाच्या विम्यात आमच्या गल्लीतलं एखादं घर आलं असतं.

शेठ अधूनमधून खुशीत सांगायचा, "आप्पा, भाव वधी गयो." झालं. आप्पांच्या अंगावरची एक वस्तू कमी व्हायची. ओरखडा पडू नये म्हणून पहिल्यांदा अंगठी गेली. मग घड्याळ. मग पट्ट्याचं बक्कल नको म्हणून पायजम्याला नाडी आली. शेवटी शर्टाची बटणंही नकोत, म्हणून बंदांची बंडी शिवून घेतली. मी म्हटलं, "आप्पा, आणखी भाव वाढला तर पंचाईत होईल हो." ते हसले नाहीत. म्हणाले, "सुनील, माले भ्याव वाटस रे. तिले काही व्हयनं तर?"

एकदा वैशाखात एसी बंद पडला. मी धावतपळत पोचलो, तर आप्पा घामाने निथळत गाडीच्या उघड्या दारातून सीटला पुठ्ठ्याने वारा घालत होते. मी म्हटलं, "आप्पा, तिला घाम येत नाही."

"कातडं शे ना ते," आप्पा म्हणाले आणि वारा घालत राहिले.

मग शेठने गाडी विकायला काढली. मुंबईहून तपासणारा यायचा होता. त्याच्यासमोर एसीने दगा देऊ नये म्हणून मलाही बोलावलं. मी शिडीवर चढलो तेवढ्यात आप्पांनी माझा पायजमा ओढला. चेहरा पांढराफटक. मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याला, आतल्या बाजूने त्यांनी काजळाची तीट लावली होती. नजर लागू नये म्हणून दर अमावस्येला लावायचे. आणि आज सकाळी त्यांना शेठकडून कळलं होतं, की गाडीचा सगळा भाव तिच्या मूळ रंगात आहे. कारखान्यातून आला तो रंग. त्यावर डाग निघाला तर सौदा मोडणार.

"पुसा ना मग," मी म्हटलं.

"पुसताना रंग निंघी गया तर?"

मी शिडीवरून खाली उतरलो. एवढ्या भावाच्या गाडीला एरंडेल तेलातलं काजळ लावणारा माणूस अख्ख्या सुरतेत हाच निघायचा होता.

तपासणारा आला. हातमोजे, टॉर्च, भिंग. दारं, बॉनेट, काचा. एकेका बोटाएवढ्या जागेवर थांबत तो मागे सरकत होता, आणि आप्पा भिंतीला चिकटून उभे होते. शेवटी तो चाकापाशी गुडघ्यांवर बसला. उजेड आत गेला आणि तिथेच राहिला.

"आप्पा, आ शुं छे?" शेठचा आवाज चढला.

"मैंने लगाया, शेठ," आप्पा म्हणाले. "नजर लगती है."

तपासणाऱ्याने कापूस कशात तरी भिजवून हलक्या हाताने फिरवला. काजळ निघून आलं. खालचा रंग जसाच्या तसा होता. तो हसला, शेठही हसला. मी देवाचं नाव घेतलं. आप्पा मात्र त्या काळ्या कापसाकडे बघत राहिले.

सौदा झाला. बंद कंटेनर आला, गाडी गेली. शेठ माणूस चांगला. म्हणाला, दुसरी गाडी येईपर्यंत पगार चालू, घरी आराम करा.

संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काकू जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, आत दिवासुद्धा लावलेला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सुटलात, आप्पा. आता कसली भीती नाही."

आप्पांनी बंडीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधला. मग अगदी हळू म्हणाले, "तेच तर रे. आते कोनासाठे भ्याऊ मी?"